अपार्टमेंट मॅनेजर म्हणून सुरुवात: पहिल्या महिन्यात नेमकं काय हातात घ्यायचं?

नवी_किल्ली

नमस्कार मंडळी,

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधून निवासी इमारतीच्या व्यवस्थापनात येतोय. तीन विंग, ९६ फ्लॅट, साधारण निम्मे भाड्याने दिलेले. प्रत्येक विंगला दोन लिफ्ट, तळघरात पाण्याची टाकी आणि पंपरूम, गच्चीवर टाक्या, एक जनरेटर, आगीसाठी हायड्रंट आणि स्प्रिंकलरची यंत्रणा. सध्याचे मॅनेजर तीन आठवड्यांनी जातायत, तेवढाच काळ त्यांच्याबरोबर मिळणार आहे. माणसांशी बोलणं, तक्रारी घेणं, रोजचा हिशेब ठेवणं हे जमतं. पंप, पॅनेल, फायर या बाबतीत पाटी जवळजवळ कोरी आहे.

विचारायचं ते असं: या तीन आठवड्यांत त्यांच्याकडून काय काय काढून घ्यावं? तांत्रिक बाजू किती खोलात शिकावी, की ते सगळं कंत्राटदारांवर सोडायचं असतं? हिशेबात नवा माणूस कुठे अडकतो? आणि एखादा कोर्स करणं उपयोगी पडतं का?

पंपरूम

फायली नंतर. पहिले दोन दिवस फक्त "काय कुठे बंद होतं" हे शिका. पाइप फुटला की प्रत्येक मिनिटाला पाणी खालच्या मजल्यांवर उतरत असतं, आणि त्या वेळी व्हॉल्व्ह शोधत बसणं परवडत नाही.

यादी अशी करा: मुख्य पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह, गच्चीच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक उभ्या लाइनचा व्हॉल्व्ह, गॅसचा मुख्य कॉक, मुख्य इलेक्ट्रिक पॅनेल, प्रत्येक विंगचं पॅनेल, लिफ्टच्या मशीनरूममधले आयसोलेटर (वीज तोडायचे मुख्य स्विच), जनरेटरचा इमर्जन्सी स्टॉप, फायर पंपचं पॅनेल आणि स्प्रिंकलरचे झोन व्हॉल्व्ह. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकावर तारेने बांधलेला क्रमांकाचा बिल्ला आणि एका कागदावर साधा नकाशा. तो कागद लॅमिनेट करून पंपरूममध्ये, सिक्युरिटी केबिनमध्ये आणि ऑफिसमध्ये लावा.

यात एक गोष्ट न चुकता करा. उभ्या लाइनचा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद करून कोणत्या फ्लॅटचं पाणी गेलं ते तपासा. नकाशा एक सांगतो आणि पाइप दुसरीकडेच गेलेला असतो, कारण दुरुस्त्या करताना कुणीतरी जोड बदललेला असतो आणि नकाशा कुणी बदलत नाही. हे काम दिवसा, पूर्वसूचना देऊन आणि प्लंबर शेजारी उभा असतानाच करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून बंद होणारा) एकतर अडकतो, नाहीतर फिरवल्यावर ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, गळायला लागतो. जोर लावून फिरवला की स्पिंडल (आतला दांडा) तुटतो आणि मग पूर्ण लाइन रिकामी करावी लागते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तो जाम होत नाही. बॉल व्हॉल्व्हचं सोपं आहे: दांडा पाइपच्या दिशेत असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. सगळे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा फिरवायचं वेळापत्रक लगेच लावून टाका.

मग कागद. इमारतीचे प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे केलेले नकाशे, लिफ्टच्या तपासणीचे दाखले, फायर यंत्रणेच्या चाचण्यांचे अहवाल, विमा पॉलिसी, सगळे देखभाल करार, वॉरंट्या, टाकी सफाईच्या नोंदी, किमान १२ महिन्यांची पाणी आणि विजेची रीडिंग, थकबाकीची यादी, अनामत रकमांची यादी, किल्ल्यांचं रजिस्टर, चालू वाद आणि त्यांचा पत्रव्यवहार. प्रत्येक करार संपायच्या ६० दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. करार संपल्याचं लिफ्ट बंद पडल्यावर कळणं ही या व्यवसायातली फार नेहमीची चूक आहे.

पासवर्ड विसरू नका: सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, प्रवेशद्वाराची कार्ड यंत्रणा, ऑफिसचा ईमेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर, पंपांचा कंट्रोलर. जुने मॅनेजर ज्या दिवशी जातील त्याच दिवशी सगळे बदला. यात अविश्वास नाही, उलट पुढे काही झालं तर त्यांच्यावर संशय येत नाही. त्याच बैठकीत रेकॉर्डरवरची तारीख-वेळ बरोबर आहे का आणि रेकॉर्डिंग प्रत्यक्षात किती दिवसांचं साठतंय तेही पाहा. वेळ चुकीची असेल तर ते चित्रण वादात टिकत नाही.

तिसरी गोष्ट रोजची फेरी. लिफ्टने गच्चीवर जा आणि जिन्याने खाली या. वर टाक्यांची झाकणं, ओव्हरफ्लोचा पाइप, पावसाळी पाण्याच्या जाळ्या, लिफ्ट मशीनरूमचा आवाज आणि उष्णता. उतरताना फायर दरवाजे आपोआप पूर्ण मिटतायत का (विटेची अडण लावून उघडे ठेवलेले दरवाजे हमखास सापडतील), इमर्जन्सी दिवे, होजची पेटी, जिन्यात ठेवलेलं सामान. खाली पंपरूम, पॅनेल, जनरेटर, कचऱ्याची खोली, पार्किंग. ९६ फ्लॅटच्या इमारतीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरतात. मार्ग रोज तोच ठेवा, म्हणजे बदललेली गोष्ट चटकन डोळ्यात भरते.

तीन_फेज

पंपरूम यांनी पाया घातलाच आहे. "तांत्रिक किती शिकावं" यावर माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्ती करण्याइतकं नको, पण कंत्राटदार सांगतोय ते पटण्यासारखं आहे का हे ठरवता येण्याइतकं हवंच. त्यासाठी आकडे लिहायची सवय लागते.

पाण्यापासून धरू. फ्लॅटमागे सरासरी साडेतीन माणसं आणि माणशी दिवसाला १५० लिटर धरले तर ९६ × ३.५ × १५० म्हणजे ५०,४०० लिटर. पंप तासाला १२,००० लिटर चढवत असेल तर तो दिवसाला सव्वाचार तास चालायला हवा. पॅनेलवर तास मोजणारा मीटर नसेल तर बसवून घ्या, स्वस्त वस्तू आहे. आता समजा चालण्याचे तास सहावर गेले. दोनच शक्यता: पाणी जास्त खर्च होतंय किंवा पंप कमी देतोय.

वेगळं कसं करायचं? गच्चीची टाकी आतून ४ मीटर × ३ मीटर असेल तर पातळी १० सेंटिमीटर वाढणं म्हणजे १,२०० लिटर. खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप लावा आणि घड्याळ बघा. १० सेंटिमीटरला ६ मिनिटं लागली तर पंप तासाला १२,००० लिटर देतोय, ठीक आहे. ९ मिनिटं लागली तर ८,००० वर आलाय. मग गाळणी तुंबली आहे का, सक्शन लाइन (पंपाकडे पाणी ओढणारा पाइप) हवा ओढतेय का, इम्पेलर (पंपातलं फिरणारं चक्र) झिजलाय का, हे क्रमाने पाहायचं. एक कारण सहसा सुटतं: शेजारच्या स्टँडबाय पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसत नसेल तर चढवलेलं पाणी त्याच्यातून परत टाकीत येतं. खूण अशी की चालू पंपाच्या वेळी बंद पंपाचा शाफ्ट उलटा फिरताना दिसतो. असा उलटा फिरणारा पंप तसाच चालू केला तर मोटर ट्रिप होते किंवा शाफ्टला इजा होते.

पंप ठीक आणि तरी तास जास्त, तर गळती. रात्री २ ते ४ या वेळात टाकी भरणं थांबवून प्रत्येक विंगच्या टाकीची पातळी दोनदा मोजा. त्या दोन तासांत वापर नगण्य असतो. एकाच विंगची पातळी ठळकपणे उतरली तर शोध तिथे. बहुतेक वेळा दोषी निघतो तो फ्लश. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय. एक सतत झिरपणारा फ्लश दिवसाला शेकडो लिटर घालवतो आणि आवाजही करत नाही.

पंपाच्या ग्लँडबद्दल: दोरीचं पॅकिंग असेल तर थेंब थेंब गळणं योग्यच आहे, त्या थेंबांनीच शाफ्ट थंड राहतो. गळतंय म्हणून नट करकचून आवळले की पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर खाच पडते. मेकॅनिकल सील असेल तर मात्र थेंबही पडता कामा नये.

जनरेटर. चालू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बॅटरी. दुसरं, दर आठवड्याला पाच मिनिटं रिकामा चालवून "टेस्ट झाली" असं लिहिणं. डिझेल इंजिन भाराशिवाय चालवलं की पुरतं तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. महिन्यातून एकदा तरी क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर अर्धा तास चालवा. टाकीतल्या डिझेलची पातळी काडीने मोजून लिहा.

फायर पंप. पॅनेलवरचा सिलेक्टर रोजच्या फेरीत बघा: "ऑटो"वर हवा. देखभालीला आलेला माणूस तो "मॅन्युअल"वर टाकतो आणि तसाच निघून जातो. मग आग लागली तरी दाब कमी झाल्यावर पंप आपोआप सुरू होत नाही. जॉकी पंप म्हणजे लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप. तो दिवसातून मोजक्या वेळा, थोडा वेळ चालला तर ठीक. दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर लाइन कुठेतरी गळतेय, बऱ्याचदा जमिनीखाली. डिझेलवर चालणारा फायर पंप असेल तर त्याची आठवड्याची चाचणी ३० मिनिटांची असते, इलेक्ट्रिकची १० मिनिटांची. तुमच्या भागात नियम वेगळा असेल तर तो पाळा. अग्निशामक सिलिंडर महिन्यातून एकदा: काटा हिरव्यात, पिन आणि सील जागेवर, नळी चिरलेली नाही, समोर सामान नाही. पावडरच्या सिलिंडरवर एवढंच पुरतं, पण कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करूनच कळतं.

आता दोन जागा, जिथे घाईने जीव जातो. यात कसलीही तडजोड नको.

पहिली, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस. इंटरकॉमवर बोलत राहा, दार ओढू नका असं सांगा, लिफ्ट कंपनीला फोन करा. प्रशिक्षित माणूस येऊन वीज बंद करेपर्यंत बाहेरचं दार किल्लीने उघडू नका. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली असेल तर तिच्या तळाखाली शाफ्टची उघडी पोकळी असते. बाहेर उडी मारणारा माणूस तोल जाऊन थेट त्या पोकळीत पडतो. लिफ्टच्या आत माणूस सुरक्षित आहे, हवा येत असते, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगायचं. सुटकेचं प्रशिक्षण लिफ्ट कंपनीकडून लेखी मागून घ्या आणि रात्रपाळीच्या गार्डलाही द्या.

दुसरी, टाकीत किंवा सांडपाण्याच्या चेंबरमध्ये उतरणं. बंद जागेत ऑक्सिजन कमी असू शकतो. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली धोक्याचा. सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, कारण नाक बधिर होतं. म्हणून "वास येत नाहीये, उतरतो" हे वाक्य कुणी म्हटलं की काम तिथेच थांबवायचं. गॅस मीटरने मोजल्याशिवाय, पंख्याने हवा सोडल्याशिवाय, अंगावरच्या हार्नेसला दोर आणि वर माणूस असल्याशिवाय कुणीही उतरणार नाही. एक माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. हे जगभर घडत आलंय. कंत्राटदाराची माणसं असली तरी थांबवणं हे मॅनेजरचं काम.

वही_खातं

हिशेबावर लिहितो. नवा माणूस अडकतो तो बेरजेत नाही, पैसे एकमेकांत मिसळण्यात.

तीन खाती वेगळी हवीत: रोजचा खर्च, मोठ्या दुरुस्त्यांचा राखीव निधी आणि भाडेकरूंच्या अनामत रकमा. अनामत हा इमारतीचा पैसा नव्हेच, तो परत द्यायचा आहे. महिनाअखेर वीजबिल भरायला कमी पडलं म्हणून अनामतीतून "तात्पुरते" घेतलेले पैसे बहुधा परत येत नाहीत, आणि तीन भाडेकरू एकाच महिन्यात गेले की भांडं फुटतं.

पहिल्या दिवशीची शिल्लक लेखी घ्या: बँकेचं विवरणपत्र, रोख मोजून सही, न वटलेले चेक, द्यायची राहिलेली बिलं, वसूल न झालेली थकबाकी. या कागदावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांच्या सह्या. याशिवाय जबाबदारी घेऊच नका.

थकबाकी एका आकड्यात पाहू नका. ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची असे कप्पे करा. पहिल्या कप्प्यात आठवण करून दिली की बहुतेक लोक भरतात. शेवटच्या कप्प्यातला पैसा जितका जुना तितका कठीण. त्यामुळे सगळा जोर सहाव्या-सातव्या दिवशीच्या साध्या फोनवर ठेवा, नव्वदाव्या दिवशीच्या नोटिसीवर नको. नियम सगळ्यांना तोच. ओळखीच्या एकाला विलंब शुल्क माफ केलं की पुढच्या बैठकीत तीच गोष्ट पुराव्यासारखी समोर येते.

राखीव निधीचं गणित मालकांना किंवा कमिटीला समजावता आलं पाहिजे. समजा लिफ्टची मोटर आणि कंट्रोलर बदलायला आजच्या भावाने ३०० एकक लागतात, आयुष्य २० वर्षं, त्यातली १२ झाली, आणि आजवर ६० जमले आहेत. उरलेले २४० भागिले ८, म्हणजे वर्षाला ३० बाजूला पडले पाहिजेत, भाववाढ वेगळी. असाच हिशेब पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, जनरेटर यांचा. एक तक्ता करून ठेवला की "एवढं का कापता" या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

खर्चाला तीन कागद जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत: कामाचा आदेश, काम पूर्ण झाल्याची सहीनिशी नोंद आणि बिल. काम देणारा आणि पैसे मंजूर करणारा माणूस वेगळा असावा. ही पद्धत तुमच्या संरक्षणासाठी आहे, हे जितकं लवकर ध्यानात घ्याल तितकं चांगलं. किरकोळ खर्चाला ठरावीक रक्कम पेटीत ठेवा. पावत्या आणि उरलेली रोख यांची बेरीज नेहमी त्या रकमेइतकीच आली पाहिजे.

तीन कोटेशन मागवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण कामाचा तपशील आपण लिहून दिला नाही तर ती कोटेशनं एकमेकांशी ताडताच येत नाहीत. रंगाचं काम असेल तर क्षेत्रफळ कुणी आणि कसं मोजलं, जुना पोपडा किती खरवडायचा, भेगा कशाने भरायच्या, प्रायमरचे किती आणि रंगाचे किती हात, परांची कुणाची, पाणी-वीज कुणाची, राडारोडा कोण उचलणार. हे एका पानावर लिहून तिघांना तेच पान द्या. बिलाचे शेवटचे ५ ते १० टक्के काही महिने राखून ठेवा. देखभाल करारात तर एकच प्रश्न विचारा: सुटे भाग धरून की फक्त मजुरी? सुटे भाग धरून असेल तर वगळलेल्या भागांची यादी वाचा. लिफ्टच्या करारात दोर, कंट्रोलरचे कार्ड आणि दरवाज्याचे सेन्सर वगळलेले असतील तर महागातलं सगळं बाहेरच राहिलं.

रिकाम्या फ्लॅटचाही हिशेब ठेवा. महिन्याचं भाडं भागिले ३० गुणिले रिकामे दिवस. १२ दिवस रिकामा म्हणजे एका महिन्याच्या भाड्याचे ४० टक्के गेले. म्हणून भाडेकरूने नोटीस दिली की त्याच आठवड्यात फ्लॅट बघून यायचा आणि रंगारी, प्लंबर यांच्या तारखा तो राहत असतानाच ठरवायच्या.

जिन्याखाली

माणसांची बाजू तुम्हाला जमते म्हणालात, पण हॉटेलपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. पाहुणा दोन दिवसांत जातो. रहिवासी दहा वर्षं राहतो आणि तुम्ही दिलेला शब्द लक्षात ठेवतो. म्हणून "बघतो", "करून टाकू" हे शब्द सोडा. तारीख सांगा, आणि ती पाळता येत नसेल तर तारखेच्या आधी फोन करा.

तक्रारीला क्रमांक, वेळ, फ्लॅट, वर्णन, दिलेली तारीख. आणि तक्रार बंद झाली हे रहिवाशाने म्हटल्यावरच बंद. तीन प्रकार पुरतात. जीव किंवा मालमत्ता धोक्यात (गॅसचा वास, वाहतं पाणी, ठिणग्या, लिफ्टमध्ये माणूस): लगेच. राहणं अवघड (पाणी नाही, संडास तुंबला, कुलूप बिघडलं): २४ तासांत. बाकी सगळं: सात दिवसांत. ३० दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली तर ती वेगळ्या यादीत टाका; त्या यादीतल्या गोष्टींना मलमपट्टी नव्हे, मूळ कारण हवंय.

पाणी बंदची सूचना कशी लिहायची यावर सगळी ताकद खर्च करा, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कोणती विंग, कधीपासून कधीपर्यंत, का, आणि "घराबाहेर जाताना सगळे नळ बंद आहेत ना ते पाहा" हे ठळक. पाणी गेल्यावर लोक नळ उघडून बघतात, पाणी येत नाही म्हणून तसाच सोडतात आणि कामाला जातात. दुपारी पाणी येतं आणि घर भरतं. सूचनेत हेही लिहा: पाणी आल्यावर आधी न्हाणीघरातला नळ हळू उघडा, हवा आणि गढूळ पाणी जाऊ द्या, मगच फिल्टर आणि वॉशिंग मशीनचे नळ उघडा.

फ्लॅटमध्ये शिरण्याबाबत: लेखी पूर्वसूचना, एकट्याने नाही, दार वाजवून थांबून, आणि आत कोण, किती वाजता गेलं त्याची नोंद. अपवाद फक्त आग, गॅस आणि पूर. किल्ल्यांवर फ्लॅटचा नंबर कधीही लिहू नका. सांकेतिक क्रमांक लावा आणि क्रमांकांची यादी दुसऱ्या कुलपात ठेवा, नाहीतर एक जुडगा हरवला की सगळी कुलपं बदलावी लागतात.

भाडेकरू येताना आणि जाताना तोच तपासणी तक्ता, त्याच क्रमाने, खोलीगणिक फोटो, मीटरची रीडिंग, किल्ल्यांची संख्या, दोघांच्या सह्या. भिंतीचा रंग फिका पडणं ही वापराची झीज. दाराला पडलेलं भोक हे नुकसान. पहिल्याचे पैसे अनामतीतून कापता येत नाहीत. येतानाचा फोटो नसेल तर दुसऱ्याचेही कापणं कठीण.

नवा भाडेकरू निवडताना निकष आधी लिहून ठेवा (उत्पन्न, आधीच्या घरमालकाचा अभिप्राय, ओळखपत्र) आणि प्रत्येकाला तेच लावा. धर्म, जात, वंश, कुटुंबाची रचना यावर माणूस नाकारणं अन्यायाचं आहे, आणि अनेक देशांत बेकायदेशीरही. "तसले लोक नकोत" असं मालक तोंडी सांगतील तर ते काम मॅनेजरने अंगावर घेऊ नये.

शिकाऊ_उमेदवार

कोर्सबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या नोकरीसाठी प्रमाणपत्र अट म्हणून क्वचितच लागतं, पण वर चढताना उपयोगी. निवासी व्यवस्थापनासाठी आयरेम (इन्स्टिट्यूट ऑफ रिअल इस्टेट मॅनेजमेंट) या संस्थेचं एआरएम (अ‍ॅक्रेडिटेड रेसिडेन्शियल मॅनेजर) आणि पुढे सीपीएम (सर्टिफाइड प्रॉपर्टी मॅनेजर). ही संस्था १९३३ पासून आहे. इमारतीच्या यंत्रणांकडे ओढा असेल तर इफ्मा (इंटरनॅशनल फॅसिलिटी मॅनेजमेंट असोसिएशन) या संस्थेचं एफएमपी (फॅसिलिटी मॅनेजमेंट प्रोफेशनल), त्यात देखभाल, प्रकल्प, वित्त आणि नेतृत्व असे चार भाग आहेत. काही ठिकाणी मॅनेजरला परवाना लागतो, तो नियम तुमच्या भागात आधी तपासा.

पण पहिल्या सहा महिन्यांत मी याआधी तीन गोष्टी करायला सांगेन: प्रथमोपचार आणि सीपीआर, आगीच्या वेळी इमारत रिकामी करण्याचं प्रशिक्षण, आणि स्प्रेडशीटवर हात बसवणं.

नेमणूक पत्र घेताना काही गोष्टी लेखी असू द्या. रात्रीचा फोन कुणी घ्यायचा आणि त्याची भरपाई काय. किती रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही स्वतः मंजूर करू शकता. इमारतीतच राहायला जागा देत असतील तर नोकरी सुटल्यावर ती किती दिवसांत सोडायची. खर्चाची मर्यादा फार महत्त्वाची: ती ठरलेली नसेल तर रात्री दोन वाजता फुटलेल्या पाइपासाठी प्लंबर बोलवायलाही परवानगी शोधत बसाल.

नवी_किल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून व्हॉल्व्हचे बिल्ले. एक प्रश्न राहिला. जुन्या मॅनेजरांच्या फायलीत सर्वांत जाड पुडका "ओल" नावाचा आहे. वरच्या फ्लॅटवाला म्हणतो माझं काही नाही, खालचा म्हणतो तुझंच आहे. दोन-तीन वेळा टाइल्स फोडून झाल्या आहेत. यात मॅनेजरने काय करायचं?

तीन_फेज

आधी टाइल्स फोडणं थांबवा. ओल कधी वाढते ते बघितलं की निम्मं निदान होतं. खालच्या रहिवाशाला डागाची कड पेन्सिलने आखायला सांगा आणि शेजारी तारीख. दोन आठवडे.

डाग दिवसरात्र सारखाच वाढत असेल, वापर असो वा नसो, तर दाबाखालची पाण्याची लाइन. त्या फ्लॅटचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा, मीटर असेल तर आधी सगळे नळ बंद करून काटा हलतो का बघा. प्लंबर दाबाची चाचणीही घेऊ शकतो: लाइन बंद करून हातपंपाने दाब भरायचा आणि काटा उतरतो का पाहायचं. ठराविक वेळी, आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर निचऱ्याची लाइन किंवा जाळीभोवतीचा सांधा. पावसानंतरच वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीखालची कड किंवा गच्ची, आणि मग वरच्या फ्लॅटचा काही दोष नाही.

न्हाणीघराचा संशय असेल तर क्रमाने, एका वेळी एकच चाचणी. पहिल्या दिवशी फक्त नळाचं पाणी बादलीभर थेट जाळीत ओता, फरशी ओली न करता, त्यात रंग. खाली रंग उतरला तर निचऱ्याचा पाइप. नाही उतरला तर दुसऱ्या टप्प्यात जाळी बुचाने बंद करून फरशीवर अडीच सेंटिमीटर पाणी वेगळ्या रंगाचं करून २४ तास साचवा. आता खाली आलं तर वॉटरप्रूफिंग गेलंय. तिसऱ्या टप्प्यात भिंतीवर शॉवर. तिन्ही एकाच दिवशी केलं तर खाली ओल येते पण कुठून ते कळत नाही, आणि मग पुन्हा सगळं फोडलं जातं. दोन चाचण्यांच्या मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या, पाणी स्लॅबमधून उतरायला वेळ लागतो. डाग थेट गळतीच्या खाली असेलच असं नाही. पाणी सळईच्या किंवा पाइपच्या कडेने सरकत दूर जाऊन टपकतं.

वर्षभर, पाऊस नसतानाही, थंड कोपऱ्यात काळी बुरशी येत असेल आणि वर काहीच नसेल तर ती गळती नसून हवेतल्या बाष्पाचं थंड भिंतीवर पाणी झाल्याची ओल असू शकते. त्या जागी प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतली आर्द्रता, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी आतून येतंय.

प्रत्येक चाचणीला दोन्ही फ्लॅटचे लोक हजर, फोटो, वेळ, आणि शेवटी एका पानावर निष्कर्ष व दोघांच्या सह्या. खर्च कुणाचा हे तुमच्या इमारतीच्या नियमावलीत बघा. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चाचण्या सुरू करण्याआधीच मालकांकडून किंवा कमिटीकडून लेखी ठराव करून घ्या, कारण निकाल लागल्यानंतर कुणीच मान्य करत नाही.